पांडेसऱ्याची गोधडी : दोरा कसा घालायचा?

सुरतेच्या कापडाचा इतिहास आपण गिरण्यांवरून लिहितो. मी तो गोधडीवरून वाचतो. १९६२ साली गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्याच्या पांडेसरा वसाहतीत कापड रंगवायच्या-छापायच्या गिरण्या उभ्या राहिल्या, नि उधना-जळगाव रेल्वेमार्गानं खानदेशी कुटुंबं आली. गोधडी त्यांच्यासोबतच आली.

गावाकडे थर जुन्या सुती लुगड्यांचे. सूत सुताला धरून राहतं, म्हणून धावदोऱ्याच्या ओळी जरा लांब पडल्या तरी चालतं. इथले तुकडे पॉलिएस्टरचे. ते सरकतात, दोरा ओढला की चुण्या पडतात.

इथल्या एका मावशींकडे गिऱ्हाईक हातानं तुकडे जोडलेली वरची बाजू घेऊन आलं. मधोमध आईच्या विरलेल्या लुगड्याचा चौकोन. त्याला फुलाची नक्षी हवी होती. मावशी म्हणाल्या, "फुलात मोकळी जागा राहते, आतले थर गोळा होतील. आधी कच्चा दोरा घालू, मग कडेनं चौकटीत चौकट. आईचं लुगडं दाट टाक्यांनी धरलं तरच टिकेल." गिऱ्हाइकानं फूल सोडलं.

म्हणून गोधडीची नोंद करताना नुसते रंग लिहू नका. ती उलटी करून ओळी बघा. कापड कुठून आलं नि कशासाठी जपलं, ते तिथंच कळतं.