आपण कुठल्या बाजूला होतो?

माझे वडील, आमचे अण्णा, १९५६ साली नागपूरहून जबलपूरला आले. तोवर ही दोन्ही शहरं एकाच राज्यात होती आणि नागपूर त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं. त्याच्यामागोमाग कारकुनांची मराठी बिऱ्हाडं आली, त्यांतलंच एक आमचं.

अण्णांना जुन्या जागा बघण्याचं वेड होतं. आमच्या सहली दोन प्रकारच्या असत. उन्हाळ्याच्या सुट्टीत लांबची सहल : रायगड, प्रतापगड, शनिवारवाडा. दिवाळीनंतर जवळची : भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं मंदिर, कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आताचं तेवर, टेकडीवरचा मदनमहाल. लांब जायचं असलं की अण्णा म्हणत, "आपला इतिहास बघायला जाऊ." जवळ जायचं असलं की म्हणत, "फिरायला जाऊ." आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या दोन्हीकडे सारख्याच असायच्या.

मी दहा वर्षांची असताना आम्ही मंडल्याला गेलो. तेव्हा छोटी लाईन होती. नैनपूरला गाडी बदलून मंडला फोर्ट स्टेशनवर उतरायचं. गोंड राजांच्या त्या किल्ल्याला तीन बाजूंनी नर्मदेचा वेढा आहे. पडके बुरूज बघून आम्ही नावेत बसलो. म्हातारा नावाडी वल्हं मारता मारता राजांच्या गोष्टी सांगत होता. किल्ल्याकडे हात करून म्हणाला, "मराठे आए थे, तब राजा यहीं मारे गए." मग त्याने सहज विचारलं, "आप लोग कहाँ के?"

अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जबलपूर के."

नाव काठाला लागल्यावर मी विचारलं, "अण्णा, आपण कुठल्या बाजूला होतो?" त्यांनी माझा हात धरून मला खाली उतरवलं. उत्तर काही दिलं नाही.

ते मला पुढे वाचून मिळालं. १७४२ साली पेशवा बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून गेला. त्या लढाईत गोंड राजा महाराज शाह मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते राज्यच संपवलं. ज्या राज्यासाठी राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाशी लढताना पडली, तेच हे राज्य. पुढे हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतलं. म्हणजे अण्णा ज्या नागपूरहून बदलीवर आले, तिथूनच दीडशे वर्षांपूर्वी भोसल्यांचे अंमलदार या शहरात आले होते. शाळेत आम्ही शंकर शाह आणि रघुनाथ शाह यांच्याबद्दल शिकलो होतो. १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी या बापलेकांना जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलं. ते याच गोंड राजघराण्यातले. त्यांचं राज्य त्याआधी कुणी घेतलं होतं, हे मात्र आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं.

अण्णा गेले आणि तो प्रश्न मागे पडला. काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे लंडनला गेले. सून, मुलगा, आठ वर्षांची नात आणि मी, सगळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा वाघ बघायला गेलो. गोऱ्या माणसाच्या छातीवर बसलेला तो लाकडी वाघ. त्याच्या पोटात बाजा बसवलेला आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा इंग्रजांनी तो नेला. नातीने पाटी वाचली आणि रागावून म्हणाली, "आजी, हा तर आपला आहे! आपण टिपूच्या बाजूला होतो ना?"

मला मंडल्याची नाव आठवली. हो म्हणणं सोपं होतं. पण १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर मराठ्यांची आणि निजामाची फौज होती. तहात टिपूचा निम्मा मुलूख गेला, तो तिघांनी वाटून घेतला. हे सगळं तिला तिथल्या बाकावर बसून सांगितलं.

"मग आपण वाईट होतो का?"

मी म्हटलं, "तू आणि मी तेव्हा नव्हतोच, बाळ. पण रायगड बघताना 'आम्ही' म्हणायचं असेल, तर इथेही 'आम्ही' म्हणायला हवं."

तिला ते कितपत कळलं, कोण जाणे. मला मात्र अण्णांचं गप्प राहणं तेव्हा जरा उमगलं. ते खोटं बोलले नव्हते. जबलपूरचे तर आम्ही होतोच. पण नावाड्याने विचारलं होतं त्याहून अर्धंच त्यांनी सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नात जबलपूरला आली. छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, म्हणून आम्ही मोटारीने मंडल्याला गेलो. वाटेत बरेलाजवळ राणी दुर्गावतीच्या समाधीपाशी थांबलो. मंडल्याला नावेत बसल्यावर नावाड्याने विचारण्याआधीच मी सांगितलं, "जबलपूर के हैं, मराठी हैं." तो हसला, "अच्छा," म्हणाला आणि वल्हं मारू लागला. मग महाराज शाहाची गोष्ट मीच नातीला सांगितली, मराठीत, किल्ल्याकडे हात करून.

निघताना सकाळी तिने विचारलं होतं, "आजी, आज कुठे फिरायला जायचं?" पुऱ्यांचा डबा भरता भरता मी म्हटलं होतं, "आपला इतिहास बघायला."