खुडूक कोंबडी आणि साठचा बल्ब

परभणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या आमच्या मंडळींना मे महिन्यातलं ऊनच आठवतं. इथल्या थंडीचं सांगितलं तर हसतात. पण डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री दोन दिवसांच्या कोंबडीच्या पिल्लाचं काय होत असेल? पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते. अंगावरची लव दिसते गोजिरी, पण थंडी अडवत नाही. पिसं फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, ऊब बाहेरूनच मिळावी लागते.

पूर्वी ती आईच द्यायची. कोंबडी खुडूक झाली की घरातल्या बायका टोपलीत भुसा घालून दहा-बारा अंड्यांवर तिला बसवत. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. रात्री सगळी पंखाखाली, वर डालगं आणि डालग्यावर पोतं. बाकी भीती मांजराची नि मुंगसाची! अंड्यांचे पैसे बहुधा बाईच्याच हातात राहत. मास्तरकीच्या काळात त्या पैशांतून आलेल्या कितीतरी वह्या-पाट्या मी पाहिल्या आहेत.

खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, हा मात्र व्यापाराच्या दृष्टीने तोटा. म्हणून लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करत करत ही सवयच जवळपास काढून टाकली गेली. अंडी उबवायला यंत्र आलं. (ही कल्पना जुनीच. इजिप्तमध्ये मोठमोठ्या भट्ट्यांत अंडी उबवत. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि पिल्लांसाठी मेंढीच्या कातड्याची 'कृत्रिम आई'ही केली.) आपल्याकडे १९७१ मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आलं. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं, त्यामुळे एक दिवसाची पिल्लं भोकाच्या खोक्यांतून गावोगाव जाऊ लागली. सोबत आई नाही!

आईच्या जागी ब्रूडर आला. पिल्लामागे साधारण दोन वॅट, म्हणजे शंभर पिल्लांना साठचे तीन-चार बल्ब. दर आठवड्याला तीनेक अंश ऊब कमी करायची. तापमापक नसला तरी चालतं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त, सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ठीक. वर्गात शिरल्याबरोबर मास्तरला कळतं ना, तसंच!

पण ही आई विजेवर चालणारी. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. मध्यरात्री बल्ब गेला की पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. कंदील, कोळशाची शेगडी हे उपाय होते, पण बंद खोलीत शेगडीचा धूरही जीव घेतो. २०१५ पासून घरोघर एलईडी दिवे आले. वीज वाचली, छान झालं, पण त्या दिव्याखाली पिल्लू गारठतंच.

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. मग परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. रोग पसरू नये म्हणून ते गरजेचंच होतं. पण अशा वेळी परसातल्या खुडूक बसणाऱ्या गावरान कोंबड्याही जातात. पैसे मिळाले तरी पुन्हा सुरुवात करायची ती खोक्यातल्या पिल्लांवर.

सरकारी योजनेत शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट अर्ध्या अनुदानावर मिळतो. तशीच आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचीही योजना आहे. माझं मत विचाराल तर रात्रीच्या विजेचा भरवसा नसलेल्या बाईने तलंगाच घ्याव्यात. संख्या कमी मिळते, पण उबेचे दिवस दुसऱ्या कुणीतरी काढलेले असतात. आणि शेजारी कुणाकडे खुडूक कोंबडी असेल तर एक-दोन दिवसांची विकतची पिल्लं अंधार पडल्यावर हळूच तिच्या पोटाखाली सारावीत. बहुतेक वेळा ती सांभाळते. मात्र थंडीच्या दिवसांत दहा-बारापेक्षा जास्त देऊ नयेत, पंखाखाली मावत नाहीत.