रेंज नसलेला चायना मोबाइल

१५ डिसेंबर २००९, मंगळवार. दिवस मावळायला आलाय आणि तुम्ही लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये उभे आहात. उद्या येळवस, शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या. बाजारात भज्जीच्या भाज्यांवर झुंबड उडालीय. तुमच्या खिशात मात्र मुका मोबाइल आहे.

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तो बोलत होता. मग ३० नोव्हेंबरची मध्यरात्र उलटली आणि आयएमईआय नंबर नसलेल्या हँडसेटचं नेटवर्क सरकारी आदेशानं बंद झालं. हा पंधरा आकडी नंबर नसेल तर फोन कोणाच्या हातात आहे याचा माग लागत नाही, म्हणून सुरक्षेच्या कारणावरून हा निर्णय झाला. देशात असे अडीच कोटी फोन असावेत, असा अंदाज छापून आलाय. त्यातला एक तुमचा. दोन सिम, भोंग्यासारखा स्पीकर, टॉर्च, कॅमेरा, सगळं शाबूत. फक्त रेंज नाही.

पण तो फेकून देण्याचा विचारही तुमच्या मनात येत नाही. गाणी आणि फोटो ठेवायला कंपन्यांनी वेगळी यंत्रं काढली होती. ॲपलनं २००१ साली गाण्यांसाठी पाच जीबीचा आयपॉड काढला. एप्सननं २००४ साली फोटोवाल्यांसाठी पी-२००० काढलं: चाळीस जीबी जागा, कॅमेऱ्याचं कार्ड खोचलं की कॉम्प्युटरशिवाय फोटो उतरवून घेणारं, वर गाणीही वाजवणारं. त्यांतलं एकही यंत्र तुम्ही पाहिलेलं नाही. तरी सरकारनं नेटवर्क तोडलं आणि तुमच्या हातात नेमकं तेच उरलं, गाण्यांची आणि फोटोंची पेटी.

तुम्ही मोबाइलच्या दुकानात शिरता. बॅटरी काढून तिच्याखालचं कार्ड नखानं उचकटता. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, जाडी जेमतेम एक. खाली पडलं तर फरशीच्या फटीत जाईल. त्यावर लिहिलंय एक जीबी. पोरगा ते कार्ड रीडरमध्ये घालतो.

"काय भरू मामा?"

त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डरांची रांग आहे: भजन, भीमगीतं, लावणी, इंदुरीकर महाराजांचं कीर्तन, सप्टेंबरात आलेल्या 'जोगवा' चित्रपटाची गाणी. पाच मिनिटांचं गाणं साधारण पाच एमबी खातं, म्हणजे एका कार्डात दोनशे गाणी. त्यामुळे निवड करावीच लागते. मायसाठी भजनं, पोरांसाठी 'जोगवा', बायकोनं सांगितलेलं कीर्तन. हिरवी पट्टी सरकत असते आणि "लाइट जायच्या आत होऊ दे" असं तुम्ही दोघंही म्हणता. भारनियमनाला कार्ड भरायची घाई कळत नाही.

सकाळी गाव रिकामं. सगळी माणसं शिवारात. काळ्या रानात शाळू कमरेला लागलाय, हरभरा घाट्यांवर आलाय. कडब्याची कोप उभी केलीय, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडलेत. पूजा होते, शेतात आंबील शिंपडली जाते, मग पंगत बसते. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, आंबील. बांधावर तुमचा मोबाइल वाजतोय. शेजारच्या कोपीतला मेव्हणा एक गाणं मागतो. दोन्ही फोन जवळ धरून ब्लूटूथ चालू होतं, तेवढ्यात त्याची दुसरी वाटी आंबील संपते. त्याच्याकडची चार गाणी तुमच्याकडे येतात.

मग तुम्ही कॅमेरा उघडता. कोपीच्या तोंडाशी बसलेली माय, तिच्या डोक्यावर ऊन, हातात उंडा. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा फोटो, शंभर केबीच्या आतबाहेर. म्हणजे एका गाण्याच्या जागेत मायचे पन्नास फोटो बसतात. तुम्ही तीनच काढता.

गुरुवारी कार्ड अडतं. फोल्डर उघडत नाहीत. दुकानातला पोरगा ते लावून बघतो आणि मान हलवतो.

"व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारावा लागतंय. गाणी परत भरून देतो."

त्याचं म्हणणं खरं आहे, गाण्यांपुरतं. ती त्याच्याकडे आहेत, मेव्हण्याकडे आहेत, अख्ख्या तालुक्यात आहेत. उडाली तरी दहा-वीस रुपयांत परत येतील. मायचे तीन फोटो मात्र जगात फक्त या कार्डात आहेत. यंत्राला दोन्ही सारखेच. फॉरमॅटचं बटण भजन बघत नाही आणि माणूसही बघत नाही. तुम्ही आजच्या काळातून तिथं गेलेले आहात, म्हणून तुम्हाला हे ठाऊक आहे. त्या दिवशीच्या मुरुडमध्ये फॉरमॅटला हो म्हणणारे कितीतरी जण होते, कारण कार्ड म्हणजे गाणी, एवढीच त्याची ओळख होती.

"आधी फोटो काढून घे," तुम्ही म्हणता. पोरगा कंटाळून का होईना, ते डेस्कटॉपवर उतरवतो आणि सीडीवर टाकून देतो. पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढायलाही सांगा. सहाशे चाळीस ठिपक्यांत याहून मोठी नीट येणार नाही, पण कागदाला व्हायरस लागत नाही.

आता परत या आणि घरातलं जुनं कपाट उघडा. बटणांच्या डब्यात, देवघराच्या खणात तसली कार्डं अजून सापडतात. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार झिरपत जातो. गाणी आता कुठंही मिळतात, त्यांच्यासाठी धावपळ नको. पण कार्डांत फोटो असतील, तर ती याच आठवड्यात रीडरला लावा.