रेषा आधी, कागद मागाहून

शेजारच्या देशात जायचं म्हटलं, की आपल्याला प्रथम आठवतो पासपोर्ट, मग व्हिसा आणि त्यापाठोपाठ त्यांची फी. हे सारं सीमेबरोबरच जन्माला येत असावं, अशी आपली समजूत असते. पण भारत आणि पाकिस्तान यांच्या सीमेची हकीगत पाहा. तिथं रेषा आधी आखली गेली, कागद मागाहून आला. आणि पुष्कळ घरांची ताटातूट कायमची झाली ती त्या कागदानं.

रॅडक्लिफ यांचा निवाडा 17 ऑगस्ट 1947 रोजी जाहीर झाला. पंजाबात त्या दिवसांत काय अनर्थ झाला, ते तुम्ही जाणताच. परंतु ही रेषा ओलांडायला त्या वेळी परवाना लागत नसे. जो तो जीव घेऊन निघाला होता, आणि दंगल शमली की परतू, असं अनेकांनी मनाशी धरलं होतं.

1948 साली असे काही लोक परतू लागले, तेव्हा पेच पडला. पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी त्यांच्या घरांत आसरा घेतलेला. मग सरकारनं वटहुकूम काढला. 19 जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परवाना हवा. लोक त्याला ‘परमिट’ म्हणू लागले. थोड्याच महिन्यांत पाकिस्ताननंही तसाच नियम केला.

आता परवाना म्हणजे परवाना, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण खरी मेख तिथंच होती. एक परवाना तात्पुरत्या भेटीचा, दुसरा कायम परतण्याचा. घाईत पहिला घेऊन आलेला माणूस आपल्याच गावात पाहुणा ठरे!

हा कागद पुढं थेट राज्यघटनेत जाऊन बसला. नागरिकत्वाची कलमं डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीपुढं मांडली. सहाव्या कलमात 19 जुलै 1948 ही तारीख आहे आणि सातव्यात कायम परतण्याच्या परवान्याचा उल्लेख आहे. त्या सातव्या कलमावर कडाडून टीका झाली. जे निघून गेले त्यांना पुन्हा दार का उघडायचं, हा टीकाकारांचा सवाल. पंडित नेहरूंनी कलमाची बाजू उचलून धरली. एका साध्या सरकारी कागदावर माणसाचं नागरिकत्व तोललं जात होतं.

पूर्व बंगालच्या बाजूला मात्र ये-जा चालूच होती. 15 ऑक्टोबर 1952 पासून तिथंही पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. दार आता मिटणार, या धास्तीनं त्याआधीच्या आठवड्यांत निर्वासितांची रीघ लागली होती.

सीमा आली की व्हिसा आलाच पाहिजे, असं नव्हे. नेपाळशी आपला 1950 सालचा करार आहे. तिकडं जायला भारतीयाला आजही व्हिसा लागत नाही.

आणि पाकिस्तानच्या सीमेवरही एकदा दार किलकिलं झालं. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षं जिथं घालवली, ते करतारपूर सीमेपासून जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर. भारतातले भाविक कित्येक वर्षं अलीकडून दुर्बिणीतून दर्शन घेत. 9 नोव्हेंबर 2019 रोजी तिथं व्हिसावाचून जाण्याची वाट खुली झाली. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. पासपोर्ट सोबत हवा, आणि पाकिस्तानला माणशी 20 डॉलर द्यायचे. ही फी घेऊ नये, असं भारताचं म्हणणं होतं; ते मान्य झालं नाही. मे 2025 मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला आणि भारतानं आपल्या बाजूनं ही वाट बंद केली.

वीस डॉलर कुणी कसेही जमवील. पण दार उघडायचं की मिटायचं, हे फी भरणाऱ्याच्या हाती नसतं. 1948 साली परवान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हेच कळून चुकलं होतं.