तरुणांचे डिजिटल कौशल्य आणि मनःस्वास्थ्य : एका प्रश्नाचा इतिहास

इंटरनेटच्या वापराने तरुणांच्या मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाला गेल्या पाव शतकात परस्परविरोधी उत्तरे मिळाली आहेत. या विसंगतीचे मूळ बव्हंशी ‘वापर’ व ‘कौशल्य’ या दोन शब्दांच्या अर्थात सापडते.

१९९८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट व त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी इंटरनेट आल्यानंतरच्या एकदोन वर्षांत अधिक वापर करणाऱ्यांचा कुटुंबातील संवाद घटला व एकाकीपणा वाढला, असे त्यात आढळले. तथापि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत हे दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले दिसले. अर्थात केवळ तास मोजून प्रश्नाचा उलगडा होण्यासारखा नव्हता.

दरम्यान २००१ साली मार्क प्रेन्स्की यांनी नव्या पिढीला डिजिटल भाषेचे जन्मजात भाषक ठरविले. वडीलधारे मात्र त्या भाषेत परके, म्हणून त्यांच्या बोलण्याला परका हेल. उपमा आकर्षक होती, परंतु अपुरी. मातृभाषा सहज बोलणारे मूलही लिहिणेवाचणे शिकविल्यावाचून शिकत नाही. मग मजकुराची पारख करणे तर दूरच. ओघ म्हणजे साक्षरता नव्हे.

२०१० साली सोनिया लिव्हिंग्स्टन व सहकाऱ्यांनी युरोपातील २५ देशांतील ९ ते १६ वयाच्या २५,१४२ मुलांची पाहणी केली. तीत अधिक कुशल मुलांना संधी अधिक लाभतात, परंतु धोक्यांशी गाठही अधिक पडते, असे दिसून आले. मात्र धोका म्हणजे इजा नव्हे. जालावरील एखाद्या गोष्टीने मनस्ताप झाल्याचे सांगणारी मुले १२ टक्केच होती.

पुढे २०१९ साली एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी ३,५५,३५८ किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या मनःस्वास्थ्यातील तफावतीपैकी फार तर ०.४ टक्के तफावतीचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. परंतु एकदाच केलेल्या पाहणीवरून एकाकी मूल जालाकडे वळते की जालामुळे ते एकाकी होते, हे ठरविता येत नाही. म्हणूनच लूव्हेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०२० साली सुरू झालेल्या युरोपीय प्रकल्पाने सहा देशांतील विद्यार्थ्यांना सलग तीन वर्षे प्रश्न विचारले आणि कौशल्याचेही चार भाग पाडले : तांत्रिक हाताळणी, माहितीचा शोध व पारख, संवाद, आणि आशयनिर्मिती.

या इतिहासाचे तात्पर्य शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कौशल्य हे केवळ कवच मानले, तर कुशल मुलाला धोका भेटला की शिक्षणच फसले असे वाटेल, आणि मूल साधनापासून दूर ठेवणे हाच उपाय सुचेल. वस्तुतः पोहायला शिकलेलाच खोल पाण्यात उतरतो. त्याला काठावर बसविणे हे शिक्षणाचे यश नव्हे.