काही नमुन्यांची सरकलेली सुरुवात

1982 मध्ये फिलिप्स आणि सोनीची ऑडिओ सीडी बाजारात आली, ती ऐकण्यासाठी. तिची हुबेहूब प्रत संगणकात उतरवली जाईल, हा तेव्हा मुद्दाच नव्हता. सेकंदाला 44,100 नमुने, 75 सेक्टर, म्हणजे प्रत्येक सेक्टरमध्ये 588 नमुने. पुढे डेटा सीडीच्या सेक्टरला स्वतःचा पत्ता मिळाला. ऑडिओ सेक्टरच्या ध्वनीत तो नाही. जागेची माहिती शेजारच्या उपवाहिनीत असते आणि दोन्हींचा मेळ नमुन्यापर्यंत बसत नाही.

त्यामुळे प्रत उतरवताना सुरुवातीची जागा एक ड्राइव्ह 6 नमुन्यांनी चुकतो, दुसरा 667 नमुन्यांनी.

667 नमुने म्हणजे जेमतेम 15 मिलिसेकंद. कानाला काहीच कळत नाही, पण प्रतीच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, पार बदलतो. आंद्रे वीथॉफ यांच्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या प्रोग्रामने ही चूक मोजून भरून काढण्याची सोय दिली. ‘ॲक्युरेटरिप’मुळे अनोळखी लोकांच्या प्रतींशी आपली प्रत ताडता येऊ लागली, संग्राहकांना याहून मोठी भेट मिळालेली नाही.

पुढे, ज्याच्या तुलनेत ड्राइव्हची चूक मोजली जात होती, तो मूळ संदर्भच 30 नमुन्यांनी सरकलेला असल्याचे दाखवले गेले. तरी तो बदलला नाही, आणि ते योग्यच झाले: ताडून पाहायला सर्वांचे माप एक असणे पुरेसे होते.