धूसर, अंधुक, धुंद

‘मला नीट दिसत नाही’ हे सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. अडचण दुसरीच आहे. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातला मराठी माणूस यांतला कुठला शब्द उचलतो, आणि समोरचा त्याचा काय अर्थ घेतो?

1956 साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सरकारी नोकरीतली मराठी घरेही आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना गोविंदपुऱ्यात उभा राहिला. तिथे घरात मराठी आणि दारात हिंदी.

‘धूसर’ हा संस्कृतात मुळात रंग: धुळीचा, करडा. मराठीत तो वस्तूवरून पाहणाऱ्याच्या नजरेवर आला. ‘अंधुक’चे नाते अंधाराशी. कंदिलाचा उजेड अंधुक असतो, पाटीवरचे अक्षर पुसट, धुक्यातला डोंगर धूसर. ‘डोळ्यांपुढे अंधारी’ तर नजरेचा दोषच नव्हे, ती भोवळ. हिंदीतला ‘धुंध’ म्हणजे धुके, ‘धुंधला’ म्हणजे अस्पष्ट. पण आपल्याकडे ‘धुंद’ म्हटले की नशा किंवा सत्तेची गुर्मी! भोपाळात वाढलेल्या नातवाने ‘डोळे धुंद झालेत’ म्हटले, तर पुण्याची आजी आधी त्याच्या मित्रांची चौकशी करील.

ही गंमत एका रात्री संपते. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. गोविंदपुऱ्यापासून काही किलोमीटरवर माणसे मिरच्या जाळल्यासारख्या आगीने उठली, डोळे उघडेनात. पुढे 1985 च्या कायद्याने सरकारने दाव्यांची जबाबदारी घेतली, 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. इजा कागदाने दाखवायची होती.

डोळ्यांच्या तक्त्यावर मोजतात ती अक्षरे, तीही चांगल्या उजेडात. दिवेलागणीला समोरचा चेहरा विरघळतो, उन्हात पाणी येते, हे त्या आकड्यात मावत नाही. ते रुग्णाच्या शब्दातच असते. म्हणून ‘धुंधला’ एवढ्यावर लेखणी थांबू नये असे मला वाटते. उजेड कमी वाटतो की कडा पुसतात? दिवसा की सांजेला? एका डोळ्याने की दोन्हींनी? मराठी बोलणाऱ्याला हे मराठीतच विचारावे. ‘अंधुक’ आणि ‘धूसर’ यांतला फरक तो न शिकवता सांगेल.